हात दिसावेत म्हणून बांधलेले चर्च

१/
मालवण-वेंगुर्ल्याच्या पट्ट्यात देवळात गाऱ्हाणे घातले जाते, तेव्हा एकजण साऱ्या गावाच्या वतीने देवाशी बोलतो आणि प्रत्येक मागणीनंतर जमलेली माणसे एका आवाजात ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. त्या गर्दीत जन्मतः ऐकू न येणारा एखादा माणूस उभा आहे, अशी कल्पना करावी. त्याला मूर्ती दिसते, समया दिसतात, शेजाऱ्याचे ओठ हलताना दिसतात. परंतु देवाकडे काय मागितले गेले आणि आपण नेमका कशाला होकार द्यायचा, हे त्याला कळत नाही. तो गावात आहे, पण गाऱ्हाण्यात नाही.

२/
एकोणिसाव्या शतकात न्यूयॉर्क आणि लंडन येथील बधिर माणसांसमोर हाच प्रश्न चर्चच्या रूपाने उभा होता. त्याचे उत्तर म्हणून वर्गणी काढून, जागा मिळवून, बधिर उपासकांसाठी चर्च उभी राहिली. ती वर्गणी कशी जमली, तिच्यातून काय उभे राहिले, त्यातले काय हातातून निसटले आणि या इतिहासाचा एक धागा कोकण किनाऱ्यापर्यंत कसा येऊन पोहोचतो, हे आज पाहू.

३/
आरंभी शब्दांविषयी थोडेसे. त्या काळातील संस्थांच्या नावांत ‘मूकबधिर’ या अर्थाचा शब्द सर्रास आढळतो. ज्यांच्याजवळ हातांची पूर्ण भाषा आहे त्यांना ‘मूक’ म्हणणे चुकीचे आहे, म्हणून आज ‘बधिर’ किंवा ‘कर्णबधिर’ हे शब्द वापरले जातात. सांकेतिक भाषा ही बोलीभाषेची खाणाखुणांतील नक्कल नसते. तिला स्वतःचे व्याकरण असते आणि निरनिराळ्या देशांत ती निरनिराळी असते. पुढील सारा इतिहास या एका गोष्टीभोवती फिरतो.

४/
बधिरांना स्वतंत्र चर्चची गरज का भासली? सिंधुदुर्गातील कॅथलिक चर्च डोळ्यांसमोर आणल्यास उत्तर सोपे होते. १९६०च्या दशकात दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने लोकभाषांना वाट करून देईपर्यंत जगभर मिस्सा लॅटिनमध्ये होत असे. किनाऱ्यावरच्या शेतकऱ्याला वा मच्छीमाराला ते शब्द ऐकू येत. त्यांचा अर्थ मात्र बहुतेकांना लागत नसे. तो पाद्रीच्या हाताकडे पाही, धूप पाही, इतर गुडघे टेकतात तेव्हा आपणही टेकी. उपासनेच्या त्या गाभ्यात ऐकणारा आणि न ऐकणारा शेजारी जवळजवळ सारख्याच जागी उभे असत. आपल्या देवळातील दर्शनही असेच डोळ्यांचे असते.

५/
प्रोटेस्टंट पंथांनी लॅटिन बाजूला सारून लोकांच्या भाषेतील प्रवचन उपासनेच्या केंद्रस्थानी आणले. ऐकणाऱ्यासाठी ही मोठी मुक्ती होती. बधिर माणसासाठी मात्र उपासनेचे केंद्रच कानांकडे सरकले. श्रद्धा ही ऐकण्यातून उपजते, या संत पॉलच्या विचाराचा शब्दशः अर्थ लावून बधिराला श्रद्धा लाभू शकते का, अशी शंकाही शतकानुशतके घेतली गेली होती. स्वतंत्र बधिर चर्चची चळवळ प्रामुख्याने प्रोटेस्टंट शहरांत का रुजली, याचे एक कारण येथे सापडते.

६/
बधिर माणसाला अपूर्ण मानण्याची वृत्ती एका धर्मापुरती वा एका खंडापुरती नव्हती. मनुस्मृतीत जन्मबधिराला वारशाच्या वाट्यातून वगळून केवळ अन्नवस्त्राचा हक्क दिला आहे. ब्रिटिश न्यायालयांनी हिंदू कायदा लावताना अशा अपात्रतेचा विचार चालू ठेवला, आणि १९२८च्या कायद्याने ती सर्वसाधारणपणे दूर झाली. पोसायचे, पण हिस्सेदार मानायचे नाही, अशी ही भूमिका होती. पुढे वर्गणीच्या इतिहासातही हीच भूमिका वेगळ्या वेषात भेटते.

७/
आता अमेरिकेकडे वळू. १८१५ मध्ये कनेक्टिकट राज्यातील हार्टफर्ड येथून थॉमस हॉपकिन्स गॅलॉडेट हा तरुण धर्मोपदेशक बधिरांच्या शिक्षणाची पद्धत शिकण्यासाठी युरोपात गेला. पॅरिसच्या शाळेतील लॉराँ क्लेर या बधिर शिक्षकाला घेऊन तो १८१६ मध्ये परतला. सागरप्रवास बावन्न दिवसांचा होता. त्या दिवसांत क्लेरने गॅलॉडेटला हातांची भाषा शिकवली आणि गॅलॉडेटने क्लेरला इंग्रजी. बोटीवरच दोघेही एकमेकांचे गुरू आणि शिष्य झाले.

८/
हार्टफर्डला पोहोचल्यावर दोघे वर्गणीसाठी गावोगाव फिरले. क्लेर आपले भाषण लिहून काढी आणि गॅलॉडेट ते मोठ्याने वाचून दाखवी. मग श्रोत्यांच्या प्रश्नांना क्लेर जागच्या जागी लेखी उत्तरे देई. बधिर माणूस विचार करू शकतो का, हा लोकांच्या मनातला प्रश्न होता आणि त्याचे उत्तर देणारा माणूस समोरच उभा होता. कनेक्टिकटच्या विधिमंडळाने पाच हजार डॉलर दिले आणि १८१७ मध्ये शाळा उघडली. १८१९ मध्ये अमेरिकन काँग्रेसने शाळेला अलाबामात सुमारे २३,००० एकर जमीन दिली. ती विकून कायमचा निधी उभा राहिला. तेथील मूळ रहिवाशांकडून ती भूमी कशी घेतली गेली होती, हेही या देणगीच्या इतिहासाचे एक पान आहे.

९/
कोकणाकडे येणारा धागा येथे सुरू होतो. गॅलॉडेट ज्या अँडोव्हर धर्मविद्यालयात शिकला, तेथूनच त्याच्या थोडे आधी गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट बाहेर पडले होते. १८१३ मध्ये ते मुंबईत उतरले आणि अमेरिकन मराठी मिशनचा पाया घातला गेला. अँडोव्हरचाच रॉयल वाइल्डर १८५२ मध्ये कोल्हापुरास आला. पुढे प्रेस्बिटेरियन पंथाकडे गेलेल्या त्या मिशनचे काम घाट उतरून वेंगुर्ल्यापर्यंत पोहोचले आणि तेथे रुग्णालय उभे राहिले. प्रिन्स्टन विद्यापीठाचे अध्यक्ष आणि नंतर भारतातील अमेरिकेचे राजदूत झालेले रॉबर्ट गोहीन १९१९ मध्ये वेंगुर्ल्यात जन्मले, ते तेथील मिशनरी डॉक्टरांच्या घरात.

१०/
म्हणजे न्यू इंग्लंडच्या चर्चमधून देणगीचे दोन प्रवाह वाहू लागले होते. एक समुद्रापलीकडच्या ‘अज्ञानी’ लोकांसाठी, दुसरा स्वतःच्याच गावातील बधिरांसाठी. दोन्हींमागे एकच समजूत होती: ज्यांच्यापर्यंत शब्द पोहोचलेला नाही, त्यांच्यापर्यंत तो पोहोचवणे हे आपले कर्तव्य आहे. देणाऱ्याच्या दृष्टीने कोकणातला शेतकरी आणि हार्टफर्डचा बधिर मुलगा हे दोघेही दूर देशाचे रहिवासी होते. या समजुतीत कळकळ होती आणि वरचढपणाही होता. पुढचा इतिहास या दोहोंच्या ओढाताणीचा आहे.

११/
निधी जमवण्याचा त्या काळचा हुकमी मार्ग म्हणजे जाहीर प्रात्यक्षिक. पॅरिसपासून हार्टफर्डपर्यंत बधिर विद्यार्थ्यांना व्यासपीठावर उभे करून फळ्यावर प्रश्न विचारले जात. उत्तरे वाचून श्रोते थक्क होत आणि देणग्या देत. क्लेरसारखा प्रौढ, विद्वान माणूस त्या सभेत शिक्षक म्हणून उभा राहू शके. शाळकरी मुलाला तसे करता येत नसे, त्याचे तेथे प्रदर्शन होई. शाळेसाठी पैसा जमला, परंतु बधिर माणूस म्हणजे कायम कुणाचा तरी विद्यार्थी, हे चित्रही त्याबरोबर पक्के झाले. शाळा संपल्यावर त्याने कुठे जायचे, हा प्रश्न कुणी फारसा विचारत नव्हते.

१२/
तो प्रश्न गॅलॉडेटच्या मुलाने विचारला. त्याचेही नाव थॉमस. त्याची आई सोफिया फाउलर बधिर होती आणि पत्नी एलिझाबेथ बड हीसुद्धा. हातांची भाषा ही त्याच्या घरची भाषा होती. एपिस्कोपल पंथाचा धर्मगुरू झाल्यावर त्याने १८५२ मध्ये न्यूयॉर्क येथे सेंट अ‍ॅन्स ही बधिरांची मंडळी स्थापन केली. आरंभी उपासना विद्यापीठाच्या एका छोट्या प्रार्थनागृहात होत असे. १८५९ मध्ये वेस्ट १८व्या रस्त्यावर मंडळीला स्वतःची वास्तू मिळाली. वाइल्डर कोल्हापुरास आला ते वर्ष आणि सेंट अ‍ॅन्सच्या स्थापनेचे वर्ष एकच आहे, हा निव्वळ योगायोग. पण त्या शतकाचा स्वभाव त्यातून नेमका दिसतो.

१३/
लंडनमध्ये प्रश्नाचे स्वरूप अधिक रोकडे होते. बधिर शाळांतून बाहेर पडलेले शिंपी, चांभार, बुकबाइंडर असे कारागीर महानगरात विखुरले होते. त्यांना काम मिळावे, अडचणीत मदत मिळावी आणि हातांच्या भाषेत उपासना व्हावी, म्हणून १८४१ मध्ये एक संस्था निघाली. १८५४ मध्ये तिची पुनर्रचना झाली. भाड्याच्या खोल्यांत चालणाऱ्या उपासनेला कायमची वास्तू हवी, असा ध्यास संस्थेचे धर्मगुरू सॅम्युएल स्मिथ यांनी घेतला होता. ऑक्सफर्ड स्ट्रीटवरची जागा वेस्टमिन्स्टर घराण्याकडून भाडेपट्ट्याने मिळाली. जुलै १८७० मध्ये प्रिन्स ऑफ वेल्सच्या हस्ते पायाभरणी झाली आणि १८७३ मध्ये सेंट सेव्हियर्स चर्च खुले झाले.

१४/
वास्तुविशारद होते आर्थर ब्लूमफील्ड. सामान्य चर्चमध्ये खांब आड आले तरी आवाज पोहोचतो, म्हणून ते चालते. येथे एखादा खांब आड येणे म्हणजे प्रवचनातील वाक्येच्या वाक्ये नाहीशी होणे. अंधारा कोपरा म्हणजे तेथे बसलेल्यासाठी संपूर्ण शांतता. त्यामुळे मोकळी दृष्टिरेषा आणि भरपूर उजेड या येथे शोभेच्या गोष्टी नव्हत्या. व्यासपीठे दोन होती, एक बोलणाऱ्यासाठी आणि एक हातांनी सांगणाऱ्यासाठी. उपासनेच्या दालनाखाली व्याख्यानांसाठी सभागृह होते. ऐकणाऱ्यांच्या सोयीने बांधलेल्या जगात, पाहणाऱ्यांच्या सोयीने बांधलेली ही वास्तू होती.

१५/
पैसा कुणी दिला? कोकणात देवळाचा जीर्णोद्धार झाला की सभामंडपात देणगीदारांची पाटी लागते आणि मुंबईच्या चाकरमान्याचे नाव रकमेसह कोरले जाते. व्हिक्टोरियन इंग्लंडमध्ये हेच काम वार्षिक अहवाल करी. त्यात वर्गणीदारांची यादी रकमांसह छापली जाई. यादीच्या शिरोभागी राजघराण्यातील व्यक्तीचे नाव आले की पुढची नावे आपोआप येत. पुढे सर आर्थर फेअरबर्न हे स्वतः बधिर असलेले बॅरोनेट संस्थेचे मोठे आधारस्तंभ झाले. ज्याच्यासाठी वर्गणी काढायची तोच वर्गणीदार झाला, ही या यादीतली खरी नवी गोष्ट होती.

१६/
चर्च उभे राहून सात वर्षे होत नाहीत तोच १८८० मध्ये मिलान येथे बधिरांना शिकवणाऱ्या शिक्षकांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. सांकेतिक भाषा शाळांतून काढून टाकावी आणि मुलांना ओठ वाचून तोंडाने बोलायला शिकवावे, असा ठराव तेथे झाला. मत देणारे जवळजवळ सगळे ऐकू येणारे होते. त्यानंतर अनेक देशांत बधिर मुलांचे हात वर्गात बांधल्यासारखे झाले. बधिर शिक्षकांच्या नोकऱ्या गेल्या. अशा वेळी शाळेबाहेरची ही चर्च आणि तेथील सभागृहे हातांच्या भाषेची आश्रयस्थाने झाली. देणगीदारांनी धर्मप्रसारासाठी दिलेल्या पैशातून एक भाषा वाचली. देणाऱ्यांच्या हिशेबात हा जमाखर्च कुठेच नव्हता.

१७/
मिलानच्या या वाऱ्यातच भारतातील पहिली बधिर शाळा जन्मली. मुंबईचे कॅथलिक धर्मप्रमुख, जर्मन जेझुइट लिओ म्यूरिन यांच्या पुढाकाराने १८८०च्या दशकाच्या मध्यात ती सुरू झाली. ती आज माझगावात आहे. मालवण-वेंगुर्ल्याहून आगबोटीने येणारा कोकणी माणूस ज्या भाऊच्या धक्क्याला उतरे, तो तेथून फार दूर नाही. १८९३ मध्ये कोलकात्यात शाळा निघाली, त्याच दशकात दक्षिणेत पाळयंकोट्टई येथे फ्लॉरेन्स स्वेन्सन यांनी काम उभे केले. म्हणजे भारतात बधिरांसाठी वर्गणी जमली ती मुख्यतः शाळांसाठी. प्रौढ बधिरांनी एकत्र जमावे, आपल्या भाषेत देवाशी आणि एकमेकांशी बोलावे, यासाठी वास्तू बांधण्याची कल्पना येथे फार काळ कुणाच्या अग्रक्रमात नव्हती.

१८/
वर्गणीपेक्षाही अवघड असे एक पाऊल अमेरिकेत पडले होते. हेन्री विंटर साइल हा स्वतः बधिर असलेला विद्वान १८७६ मध्ये एपिस्कोपल पंथाचा डीकन आणि १८८३ मध्ये पूर्ण दीक्षित धर्मगुरू झाला. १८८८ मध्ये फिलाडेल्फिया येथे त्याच्या बधिर मंडळीचे ऑल सोल्स चर्च उभे राहिले. सेंट सेव्हियर्समध्ये ऐकू येणाऱ्याचे प्रवचन दुसऱ्या व्यासपीठावरून हातांत उतरत असे. साइल उभा राही तेव्हा प्रवचन मुळातच हातांत जन्म घेई. दुभाष्याची गरज पडलीच, तर ती ऐकणाऱ्यांना. भारतात कॅथलिक पंथाचा पहिला बधिर धर्मगुरू दीक्षित झाला तो २०२४ मध्ये, केरळातील त्रिशूर येथे.

१९/
सेंट सेव्हियर्सचे पुढे काय झाले? सातबाऱ्यावर नाव कुणाचे, हा प्रश्न कोकणी माणसाला समजावून सांगावा लागत नाही. वर्गणीतून भिंती आल्या, छप्पर आले, दोन व्यासपीठे आली. जमीन मात्र भाडेपट्ट्याची होती. पट्ट्याला पुढे मुदत मिळाली नाही. ऑक्सफर्ड स्ट्रीट तोवर लंडनची प्रमुख बाजारपेठ झाला होता आणि जागेचे मोल आकाशाला भिडले होते. पन्नास वर्षे जेमतेम भरतात तोच, १९२०च्या दशकाच्या आरंभी, चर्च पाडले गेले. मंडळीसाठी शहराच्या पश्चिमेला अ‍ॅक्टन येथे एडवर्ड मॉफ यांच्या आराखड्यानुसार नवे चर्च बांधण्यात आले. राजपुत्राने बसवलेला दगडही जमिनीच्या मालकीपुढे टिकला नाही.

२०/
या इतिहासातून वर्गणी काढणाऱ्या प्रत्येक पिढीसाठी तीन साधे प्रश्न उरतात. वास्तूत भाषा कुणाची बोलली जाणार? समोर उभे राहून बोलणार कोण? आणि जमीन कुणाच्या नावावर आहे? सेंट सेव्हियर्सने पहिल्या प्रश्नाला चांगले उत्तर दिले, फिलाडेल्फियाने दुसऱ्याला, आणि तिसरा प्रश्न लंडनमध्ये निरुत्तर राहिला. देणगीची रक्कम किती होती, हा प्रश्न या तिन्हींच्या नंतर येतो.

२१/
२०११च्या जनगणनेनुसार भारतात श्रवणदोष असलेल्या व्यक्ती सुमारे ५० लाख आहेत. २०१५ मध्ये दिल्लीत भारतीय सांकेतिक भाषेच्या संशोधनासाठी आणि प्रशिक्षणासाठी राष्ट्रीय केंद्र स्थापन झाले, तर २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने सांकेतिक भाषेला संवादाचे माध्यम म्हणून मान्यता दिली. सिंधुदुर्ग धर्मप्रांत २००५ मध्ये पुण्यापासून वेगळा झाला. किनाऱ्यावर देवळांचे जीर्णोद्धार होत आहेत, नवे सभामंडप आणि समाजमंदिरे उभी राहत आहेत. त्यांच्या आराखड्यात ध्वनिक्षेपकाची जागा आधी ठरते. हात दिसतील असा उजेड आणि आडोसा नसलेली एक जागा ठेवायला याहून अधिक वर्गणी लागत नाही.

२२/
पुन्हा त्या गाऱ्हाण्याकडे येऊ. गाऱ्हाणे घालणाऱ्याच्या शेजारी आणखी एकजण उभा आहे आणि प्रत्येक मागणी हातांनी सांगतो आहे: पाऊस वेळेवर पडू दे, होडी सुखरूप परत येऊ दे, परगावी गेलेल्या लेकरांना सांभाळ. गर्दीतला तो बधिर माणूस पाहतो, समजतो आणि साऱ्या गावाबरोबर, त्याच क्षणी, हात उचलून होकार देतो. १८७३ मध्ये ऑक्सफर्ड स्ट्रीटवर दोन व्यासपीठे बांधली गेली, ती या एका क्षणासाठी.